बाबांच्या पंचाहत्तरीला तरंगणारा चंद्राचा दिवा द्यावा का?

गंगापूररोडवाली

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी. शाल, श्रीफळ, चांदीचं निरांजन यातलं काही आणलंत तर कार्यक्रमाला बसणारच नाही, असा दम त्यांनी आधीच भरलाय. अख्खी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून केली. घरात नवी वस्तू आली की ती आधी उलटी करून खालचे स्क्रू बघणार, मग सरळ ठेवणार.

परवा पुण्याला नणंदेकडे तो तरंगणारा चंद्राचा दिवा पाहिला. खाली लाकडी ठोकळा, वर बोटभर अंतर सोडून चंद्र, आणि तो आपला सावकाश फिरतोय. ना काडी, ना तार. मी मधून कागद सरकवून खात्री केली! बाबांना आवडेल असं वाटतंय. पण लाईट गेली की काय होतं? पावसाळ्यात आमच्याकडे रोजचंच आहे. आणि टिकतं का हे? बजेट सहा हजार.

भिंतीतला_खिळा

वस्तू टिकते हो, कौतुक टिकत नाही. आमच्याकडे वास्तुशांतीला तरंगतं रोपटं आलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळी सोसायटी बघून गेली. पण पाणी घातलं की वजन वाढून ते कलंडायचं, म्हणून बायकोने पाणी कमी केलं. रोप गेलं. आता नुसती कुंडी तरंगते. त्याच पैशात बरा मिक्सर येतो.

जुना_ट्रान्झिस्टर

ताई, खिळेसाहेबांचं फार मनावर घेऊ नका. इचलकरंजीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आता मुलगा मोबाईल बघतो आणि असल्या चमत्कारिक वस्तू माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे हा ठोकळा आतून माहितीचा आहे.

कडेने चुंबकाची रिंग. तिच्या आत तांब्याच्या तारेच्या चार कॉइल, आणि त्यांच्या मध्यावर तांदळाएवढे हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक किती सरकलं ते ओळखणारे. चंद्राच्या पोटात निओडिमियम चुंबकाची चकती. सगळ्यांना वाटतं की वीज चंद्राला उचलून धरते. तसं नाही. वजन पेलते ती रिंग, आणि तिला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती चंद्र बाजूला घसरू नये म्हणून. सॅम्युअल अर्नशॉने १८४२ मध्येच गणिताने दाखवून दिलं की नुसत्या स्थिर चुंबकांच्या मांडणीवर दुसरं चुंबक अधांतरी स्थिर राहूच शकत नाही. एका दिशेने सावरलं तर दुसऱ्या दिशेने निसटणार. म्हणून सेन्सर सतत पहारा देतो. चंद्र केसभर डावीकडे गेला की कॉइल त्याला उजवीकडे रेटते, जास्त गेला तर परत डावीकडे. कॉइलवर ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून बघा, क्षणाची उसंत नसते. वर चंद्र मात्र ढिम्म. मला त्यात आवडतं ते हेच. शोकेसमध्ये ठेवून लांबून बघण्यात काय आहे?

आता लाईट. ती गेली की चंद्र बाजूला निसटतो आणि ठोकळ्याला खाडकन चिकटतो. चंद्राचं कवच थ्रीडी प्रिंटरवरचं पातळ प्लास्टिक असतं, तडा जातो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा स्विच यूपीएस मोडला ठेवा. इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या निमिषापुरता अडॅप्टरमधला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, बहुतेकदा निभावून नेतो. ठोकळा लोखंडी टेबलावर किंवा कपाटाला खेटून ठेवू नका. बाबांकडे चावीचं एचएमटी असेल तर ते लांबच ठेवा. केसकमानीत चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळायला लागतं.

माझं विचाराल तर फिटर माणसाला लेव्हिट्रॉन द्या. चुंबकाच्या पाटावर हवेत फिरणारा भोवरा. अमेरिकेत रॉय हॅरिगनने १९८३ मध्ये याचं पेटंट घेतलं. हे जमणारच नाही असं त्याला जाणकार सांगत होते, आणि अर्नशॉच्या हिशेबाने त्यांचं चूकही नव्हतं. पण भोवरा स्थिर नसतो, फिरत असतो, ही फट त्याला सापडली. वायर नाही, अडॅप्टर नाही. बारीक वॉशर घालून-काढून वजन जुळवायचं, पाट समपातळीत आणायचा. खोलीचं तापमान बदललं की चुंबकाचा जोर बदलतो आणि जुळवणी पहिल्यापासून. दुपारी चहापर्यंत वेळ कसा जातो कळत नाही.

पुस्तकी_किडा

या निमित्ताने आठवलं. तेराव्या शतकातला अल-कझविनी लिहून गेलाय की सोमनाथची मूर्ती गाभाऱ्यात अधांतरी होती, मूर्ती लोखंडाची आणि वरचं छत लोहचुंबकाचं. काकांनी सांगितलेल्या अर्नशॉपुढे ती हकीकत टिकत नाही. पण सेन्सर सोडाच, विजेचाही पत्ता नसताना लोकांना असं काही असावं असं वाटत होतं, हे मात्र खरं. आणि १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइमने १६ टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला. त्यावर थट्टेचं इग्नोबेल मिळालं, पुढे २०१० ला ग्राफीनसाठी खरं नोबेलही.

गंगापूररोडवाली

काका, वॉशरचं वाचूनच ठरवलं होतं की भोवराच घ्यायचा. पण आत्ता भावाशी बोलले, तो म्हणाला चुंबक कशाला आणतेस, बाबांना पेसमेकर आहे ना. गेल्या वर्षीच बसवलाय. चालेल का?

जुना_ट्रान्झिस्टर

नाही. दिवाही नको आणि भोवराही नको. जोरदार चुंबक जवळ आलं की बहुतेक पेसमेकर स्वतः ठोके मोजायचं थांबवतो आणि एका ठरावीक गतीने चालू राहतो. चुंबक लांब गेलं की पूर्ववत होतो. पण ती वेळ आणायचीच कशाला? चुंबकवाले मोबाईलसुद्धा अशा यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात. या वस्तू बसवताना माणूस दोन्ही हातांत धरून छाती पुढे काढून वाकतो, आणि तुमचे बाबा तर पहिल्या दिवशी चकती बाहेर काढून बघतील. नणंदेकडे गेलात तरी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पण तरंगणारं काही द्यायचंच असेल तर टेन्सेग्रिटीचं, म्हणजे ताणावर तोललेलं, टेबल आहे. केनेथ स्नेल्सन नावाच्या शिल्पकाराने १९४८ मध्ये या तत्त्वावरचे नमुने केले होते. खाली एक फळी, वर एक फळी. दोघींना एकेक आकडा, खालचा वर जाणारा, वरचा खाली येणारा. वरच्या फळीचा आकडा खालच्या आकड्याला साखळीने लटकतो. म्हणजे वरची फळी खरं तर टांगलेली असते, पण बघणाऱ्याला दिसते दोऱ्यांवर उभी! सगळं वजन मधल्या साखळीवर. कडेचे दोरे फक्त कलंडू देत नाहीत, ठोकळ्यातल्या कॉइलसारखेच. चुंबक नाही, लाईट जायची भीती नाही.

तयार मिळतं, पण घेऊ नका. सामान द्या.

भिंतीतला_खिळा

हे मला पटलं. आमच्या कुंडीला बसवता येईल का?

गंगापूररोडवाली

सामानच देते! दोरा कुठला घेऊ? घरी पतंगाचा आहे, आणि भावाकडे गळाचा तंगूस.

जुना_ट्रान्झिस्टर

तंगूस नको, तो ताणतो आणि चार दिवसांत फळी एका बाजूला झुकते. कडेला सायकलचे स्पोक घ्या, निप्पलसकट, म्हणजे टोकाच्या आट्याच्या नटासकट. कडेच्या स्पोकांना दोऱ्याइतकंच काम असतं, आणि निप्पल फिरवून प्रत्येकाचा ताण हवा तसा जुळवता येतो. मध्ये पितळी साखळी. फळ्या सागवानी, अर्धा इंच पुरे. भोकं पाडून देऊ नका, तेवढं त्यांचं त्यांना करू दे.