हक्कसोडपत्रांच्या अभ्यासात सिद्धांत कुठे बसवू?

पौडरोडकर: पुण्यात कायद्यात पीएच.डी. करतेय. मुळशी तालुक्यातल्या बहिणी वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा सोडून भावांच्या नावे हक्कसोडपत्र का करून देतात, हा विषय. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर थांबून, घरी जाऊन बायकांशी बोलले. बहुतेक जणी एकच सांगतात, ‘माहेर तुटायला नको.’ आता मार्गदर्शक विचारतात, सैद्धांतिक चौकट कुठाय? वरून चौकट लादली तर या बायकांचं म्हणणं दबेल, अशी मला भीती वाटते. सुरुवातीला एक प्रकरण जोडून मोकळी होऊ का?

वकीलकाका: नको, ताई. दिवाणी दाव्यांत आयुष्य गेलंय, म्हणून कळकळीने लिहितो. तुम्ही सही केलेल्याच बायका गाठल्यात. ज्यांची नावं अजून सातबाऱ्यावर आहेत त्यांचं काय?

फेल्स्टिनर, एबेल आणि सॅरट या कायदा-समाज अभ्यासकांची, वाद कसे उभे राहतात यावरची १९८०-८१ची मांडणी बघा. आपलं नुकसान झालंय हे आधी उमगावं लागतं, मग त्याचा दोष कुणावर तरी ठेवावा लागतो, मग त्याच्याकडे मागणी करावी लागते. बहुतेक तक्रारी वाटेतच विरतात. आम्हा वकिलांना दिसतात त्या उरलेल्या. हे डोक्यात ठेवून मुलाखती परत वाचा. ‘माहेर तुटायला नको’ म्हणणाऱ्या एखादीला आपला हिस्सा आहे हेच माहीत नसेल. एखादीला गट नंबर पाठ असेल, पण भावाला दोष द्यायला जीभ रेटत नसेल. आणि एखादी उद्या नवऱ्याने टाकलं तर परतायला दार उघडं राहावं म्हणून विचारपूर्वक सही करत असेल. ही शेवटची त्या पायऱ्यांत नीट बसत नाही. तिला कोंबून बसवू नका, तिच्यावर सविस्तर लिहा.

शिवाय कारण खरंच माहेर असेल, तर हिंजवडीलगतच्या महाग जमिनीत आणि ताम्हिणीकडच्या स्वस्त जमिनीत सह्यांच्या प्रमाणात फार फरक पडायला नको. पडला, तर भावाचा शब्द खाली पडू न देण्यामागे आणखी काहीतरी आहे.

सदाशिवपेठी: प्रत्येकीला लग्नाचं साल विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या १९९४च्या राज्य दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीत तो भेद राहिला नाही. ‘मला हक्कच नव्हता’ हे एकेकाळी काहींच्या बाबतीत खरंही होतं.

पौडरोडकर: काका, लग्नाचं साल आणि गाव दोन्ही माझ्या टिपणांत आहे, पण तसं लावून कधी बघितलंच नाही. सही न केलेल्या बहिणींपर्यंत पोचायला तलाठ्यांकडचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, चालतील का? की त्या नोंदींतही भावंडांची नावं मागेपुढे होतात?