मदत हवी आहे: याच जहाजावर नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) होता, ३४ दिवसांनी आमची क्रूझ आहे. जावं की रद्द करावं?

चिंचगुळ
फोर्ट लॉडरडेलहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ बुक आहे, नसाऊ आणि कोझुमेलला थांबे. दोन केबिन. एकीत आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा, दुसरीत भारतातून आलेले आईबाबा (६६ आणि ७२). याच जहाजाची १२ दिवसांपूर्वी संपलेली फेरी सीडीसीच्या (अमेरिकेची साथरोग नियंत्रण संस्था) उद्रेकांच्या यादीत आली आहे, कारण नोरोव्हायरस.
आज रद्द केलं तर भाड्याचे ७५ टक्के कापणार, ३० दिवस उरले की १०० टक्के. टॅक्स आणि पोर्ट फी कधीही रद्द केलं तरी परत. आमची केबिन: भाडं २५०० डॉलर, टॅक्स वगैरे ४८०. आईबाबांची: १९०० आणि ३२०.
बाबांना मधुमेह आणि बीपी. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड चालू. आईला फक्त थायरॉईड.
"काही होत नाही हो" आणि "अजिबात जाऊ नका" ही दोन्ही उत्तरं घरात मिळून झाली आहेत. ठरवायचं कशावरून, ते सांगा.

गॅलीतला
यादीत नाव आलं म्हणजे नेमकं काय, ते आधी. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर सीडीसीच्या वेसल सॅनिटेशन प्रोग्रॅमची देखरेख असते, १९७५ पासून. फेरीत ३ टक्के किंवा जास्त प्रवाशांनी (किंवा ३ टक्के खलाशांनी) पोट बिघडल्याची नोंद दवाखान्यात केली, की जहाजाचं नाव जाहीर होतं. ३००० प्रवासी असतील तर ९० नोंदी. हा आकडा पूर्ण फेरीचा असतो. एका दिवशी ९० जण आडवे होते असा त्याचा अर्थ नाही. उलट बाजूही लक्षात घ्या: २४ तासांत तीन जुलाब, किंवा उलटी आणि सोबत आणखी एखादं लक्षण, असेल तरच केस मोजतात. शिवाय केबिनमध्ये कोंडतील या भीतीने अनेक जण सांगतच नाहीत. म्हणजे खरा आकडा नोंदीपेक्षा मोठाच.
तुमच्यासाठी ती फेरी महत्त्वाची नाही, त्यानंतरच्या फेऱ्या महत्त्वाच्या आहेत. फेरी संपते त्याच दिवशी दुपारी नवे प्रवासी चढतात. साफसफाईला मिळतात जेमतेम काही तास, आणि खलाशी तेच राहतात. साखळी तुटली नसेल तर पुढच्याच फेरीत पुन्हा दिसते. तुमच्या जहाजाची एक फेरी मध्ये होऊन गेली, दुसरी चालू आहे. यादीत जहाजाचं नाव आणि फेरीच्या तारखा दोन्ही असतात. दोन्ही फेऱ्या कोऱ्या निघाल्या तर "त्या जहाजावर" हा मुद्दा जवळपास संपला. मग उरतो कुठल्याही जहाजावर असतो तेवढा धोका. मात्र नाव यादीत यायला फेरी संपल्यावरही काही दिवस लागू शकतात, त्यामुळे आजच्या कोऱ्या यादीवर निर्धास्त होऊ नका.
तपासणीचे गुणही बघा. वर्षातून साधारण दोनदा, न सांगता तपासणी होते. १०० पैकी ८६ ला पास, ८५ ला नापास. पण नुसता आकडा बघून बंद करू नका, खालचे शेरे वाचा. डेकवर फुटलेली टाइल आणि भांडी धुण्याच्या मशिनचं शेवटचं पाणी पुरेसं गरम नसणं, दोन्हींना गुण कापतात. तुम्हाला त्रास देणारी गोष्ट यातली दुसरी, गरम पाण्याची.

टिकलू
त्यापेक्षा रद्दच करा ना. २०२० ला योकोहामाला डायमंड प्रिन्सेस जहाजावर काय झालं विसरलात? ३७११ जण होते, ७१२ बाधित.

गॅलीतला
@टिकलू, तो कोविड होता, आजार वेगळा, नियम वेगळे. नोरोव्हायरससाठी जहाज सहसा बंदराबाहेर अडवून ठेवत नाहीत. आजारी माणूस केबिनमध्ये, बाकीचे नेहमीसारखे उतरतात. आणि नोंद झालेल्या नोरो उद्रेकांपैकी जहाजांवरचे जेमतेम एक टक्का. बाकी वृद्धाश्रम, हॉटेलं, शाळा. जहाजांना मोजायची सक्ती आहे, म्हणून बातमी त्यांची होते.

बारीक अक्षर
पैशांचा हिशेब मांडतो.
सगळं आज रद्द: ४४०० चे २५ टक्के ११०० + ८०० = १९०० डॉलर परत. चार दिवसांनी: फक्त ८००. म्हणजे चार दिवस थांबण्याची किंमत ११००.
फक्त आईबाबांची केबिन आज रद्द: ४७५ + ३२० = ७९५ परत. चार दिवसांनी ३२०. फरक ४७५.
हे दोन निर्णय वेगळे आहेत, एकत्र बांधू नका.
विम्याचं: साधी ट्रिप पॉलिसी "भीती वाटते म्हणून" रद्द केल्याचे पैसे देत नाही. डॉक्टरने लेखी सांगितलेलं आजारपण लागतं. "कुठल्याही कारणाने रद्द" हे कलम ५० ते ७५ टक्के देतं, पण ते पहिला हप्ता भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत घ्यावं लागतं. तुमची ती मुदत गेलेली दिसते.
आईबाबांची व्हिजिटर पॉलिसी (अमेरिकेत आलेल्या पाहुण्यांचा आरोग्यविमा) काढून तीन गोष्टी शोधा: अमेरिकेच्या हद्दीबाहेर चालते का, जहाजाचा दवाखाना धरतात का, आधीपासूनच्या आजारामुळे आलेली गुंतागुंत धरतात का. तिसऱ्यावर लोक हमखास अडकतात. जुलाबाने मधुमेह्याची किडनी बिघडली तर कंपनी बोट मधुमेहाकडे दाखवते. जहाजावर बिल केबिनच्या खात्यात पडतं, ते आधी भरायचं आणि दावा नंतर.
आणखी एक. चढताना आरोग्याचा फॉर्म भरून घेतात: गेल्या दोन-तीन दिवसांत उलट्या-जुलाब? खरं लिहा. चढू दिलं नाही तर कंपन्या बहुधा पुढच्या क्रूझचं क्रेडिट देतात. लपवून पहिल्या रात्री दवाखान्यात गेलात तर तेही नाही.

जठराग्नी
मी इथे फक्त बाबांबद्दल बोलते, कारण प्रश्न खरा त्यांचाच आहे. धडधाकट माणसाला नोरो म्हणजे एक ते तीन वाईट दिवस. लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत अचानक सुरू होतो. लस नाही, विषाणू मारणारं औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. जीव धोक्यात येतो तो शरीरातलं पाणी गेल्याने.
बाबांच्या तीनही गोळ्या नेमक्या अशा वेळी अंगावर येणाऱ्या आहेत. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे आणखी पाणी काढतं. पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन किडनीवर ताण आणतं. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन साठतं. डापाग्लिफ्लोझिनमध्ये खाणं बंद झालं की कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो, तोही साखर फारशी न वाढता, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून फसायला होतं. उलट्या-जुलाब सुरू झाल्यावर यातली कुठली गोळी थांबवायची, कधी पुन्हा सुरू करायची, हे त्यांच्या डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. आपल्या मनाने नको.
क्रिएटिनिन आणि ईजीएफआरचा (किडनी किती काम करते ते सांगणारे रक्ततपासणीचे आकडे) शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे? तो आकडा सांगा, मग पुढचं.

चिंचगुळ
दोन महिन्यांपूर्वीचा. ईजीएफआर ४१. मधली फेरी यादीत नाही, आत्ताच पाहिलं. गुण ९४, पण शेऱ्यांत एका बुफेजवळचं हात धुण्याचं बेसिन ट्रॉलीने अडवलेलं, असं आहे.

जठराग्नी
४१ म्हणजे किडनीत राखीव ताकद कमी आहे. मी त्यांना नेलं नसतं, आणि हे या जहाजाच्या यादीमुळे नाही. जहाजाच्या दवाखान्यात सलाइन लावतात, पण दोन दिवस लघवी कमी झाली तर पुढचं सगळं किनाऱ्यावर, आणि तो किनारा कुठला ते तुमच्या हातात नाही. अर्थात शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरचा. चार दिवस आहेत, फोन आजच करा.
तुम्ही तिघं जाणार असाल तर: ओआरएसची २०.५ ग्रॅमची पाकिटं, माणशी तीन. अख्खं पाकीट, एक लिटर पाणी. ग्लासात अंदाजाने अर्धं टाकलं की मीठ-साखर जास्त होते आणि जुलाब वाढतात. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. मुलाला उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा, दर एक-दोन मिनिटाला. गटागट दिलं की पुन्हा बाहेर. लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) मुलाला देऊ नका. मोठ्यांनीही ताप किंवा शौचात रक्त असेल तर घेऊ नये. आठ तास लघवी नाही, रक्त, किंवा पोरगं मलूल पडलं, तर लगेच दवाखाना.

गॅलीतला
अडवलेलं बेसिन म्हणजे किरकोळ शेरा नाही हं. दारातल्या सॅनिटायझरवर लोक खुश असतात, पण नोरोवर अल्कोहोल नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, जेवणाआधी प्रत्येक वेळी. बुफेत प्लेट भरून झाली की मग हात धुवा, कारण सगळ्यांचे हात चिमट्यांना लागलेले असतात. हे कोणी करत नाही. कालवं कच्ची खाऊ नका, नुसती वाफवलेलीही नको, हा विषाणू ६३ अंशांपर्यंत तग धरतो. शाकाहारी आहोत म्हणून सुटलो असंही नाही: कापलेली फळं आणि सॅलड हाताळलेलंच असतं.
केबिनमध्ये उलटी झाली तर टॉवेलने पुसत बसू नका. दवाखान्याला फोन करा, त्यांची वेगळी टीम येते. फ्लश करण्याआधी झाकण बंद. लक्षणं थांबल्यावर प्रवाशाला किमान २४ तास केबिनमध्ये राहायला सांगतात, अन्न हाताळणाऱ्या खलाशाला ४८.

चिंचगुळ
डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांचंही "नको" आलं. आईबाबांची केबिन रद्द केली, ७९५ परत येतील. आम्ही तिघं जाणार. चालू फेरी संपल्यावर यादी पुन्हा बघेन, पण तेव्हा पैसे सुटणार नाहीत हे माहीत आहे.
आता वेगळीच काळजी: आम्ही परत येऊन बाबांनाच दिलं तर? घरात बाथरूम दोन आहेत.

जठराग्नी
बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त विषाणू शौचातून जात राहतो. म्हणून तिघांपैकी कोणालाही जहाजावर काही झालं, तर एक बाथरूम फक्त आईबाबांचं, निदान पंधरा दिवस. आजारी पडलेल्याने लक्षणं थांबल्यावर दोन दिवस स्वयंपाक करायचा नाही, पोळ्या लाटणंही नाही. नळ, कडी, फ्लशचं बटण यांना ब्लीचचं पाणी: घरगुती ब्लीच (५ ते ८ टक्के) २० मिली, एक लिटर पाण्यात, पाच मिनिटं ओलं राहू द्या. उलटी पडली असेल तर आधी पुसून, मग लिटरला १०० मिली ब्लीचवालं. ताजं बनवा, खिडकी उघडा, आणि दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. तयार वाइप्स घेत असाल तर ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) "जी" यादीतले, ती नोरोवर चालणाऱ्या जंतुनाशकांची यादी. मळलेले कपडे न झटकता सरळ मशिनमध्ये, गरम पाणी, सर्वात लांब सायकल, मग ड्रायर हायवर.

चिंचगुळ
मशिन बेसमेंटला आहे, बास्केट जिन्यावरून न्यावी लागते.

जठराग्नी
मग बास्केट नको. कपडे बाथरूममध्येच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बांधा, पिशवी मशिनच्या तोंडाशी उघडा आणि तिथेच कचऱ्यात टाका. ग्लोव्हज काढल्यावर हात साबणाने.