विद्यापीठात संशोधनाचा कोड सांभाळायला कायमचा माणूस हवा की नको?

पावसाळी_पीएचडी
मुंबईत पीएचडी करतोय, पाचवं वर्ष. विषय असा की जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की शहरात पाणी कुठे किती तुंबतं. परवा लॅबमध्ये जे सापडलं ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आणि आदल्या दिवशी साडेआठपासूनचा सगळा पाऊस आजच्या तारखेवर लिहितात. म्हणजे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला जो ९४४ मिमी कोसळला (कुलाब्याला तेव्हा जेमतेम ७३-७४) तो टेबलात २७ तारखेसमोर असतो. आमच्या लॅबच्या जुन्या कोडमध्ये तारीख एक दिवस मागे घेणारी एक ओळ होती, ती का आहे ते सांगणारी कॉमेंट (कोडमध्ये शेजारी लिहितात ती टीप) नाही काही नाही. ती लिहिणारी ताई पीएचडी करून गेली, पुढच्या सिनिअरला वाटलं ही चूक राहिलीये, त्याने ती उडवली. तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरवर पाणी आधी तुंबतंय आणि पाऊस दुसऱ्या दिवशी पडतोय, आणि कोणाच्याच लक्षात नाही कारण सगळे सरासऱ्या बघत होतो, एकेक दिवस कोण बघतंय. मला दिसलं ते एवढ्याच कारणाने की २६ जुलैला बाबा रात्रभर सायनला बसमध्ये अडकलेले, ती तारीख आमच्या घरात कोणी विसरत नाही.

माझं म्हणणं, प्रत्येक मोठ्या डिपार्टमेंटला एक तरी रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे संशोधनाचा कोड लिहिणारा-सांभाळणारा माणूस हवा, आणि कायम पोस्टवर. ब्रिटनमध्ये हे नाव २०१२ पासून चालतं, विद्यापीठांत अशा लोकांचे ग्रुप आहेत, २०१९ पासून त्यांची रीतसर सोसायटी आहे. आपल्याकडे विद्यार्थी पाच वर्षांनी जातो, प्रोजेक्टवरचा माणूस तीन वर्षांनी जातो, कोड मात्र पंधरा वर्षं तोच चालू असतो.

खडू_फळा
मी बावीस वर्षं शिकवतोय, मला हे अजिबात पटत नाही. तुझं दुखणं खरं आहे बाळा पण औषध चुकीचं मागतोयस. एक ओळीची कॉमेंट लिहिली असती तर हे झालं नसतं, त्यासाठी सरकारकडे पोस्ट कशाला? आधी शिकवणाऱ्यांच्या जागा भरा, आमच्याकडे तासिका तत्त्वावर माणसं घेऊन वर्ग चालवतोय. आणि ज्याला आपला कोड स्वतःला समजत नाही त्याला आपला निष्कर्षही समजलेला नसतो. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटांची मूलभूत संशोधन संस्था) १९६० साली टिफरॅक हा अख्खा कॉम्प्युटर आपल्या लोकांनी हाताने उभा केला, त्यांनी कुठे इंजिनिअर द्या म्हणून अर्ज केला होता?

ऐरोली_लोकल
सर, आदर ठेवून बोलतो, पण टिफरॅकचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. आर. नरसिंहन यांची टीम होती ती, त्यांचं कामच मशीन बांधणं हे होतं, पेपर आणि प्रयोग सांभाळून रात्री उरलेल्या वेळात नाही बांधला त्यांनी.

मी स्वतः दोन वर्षं एका विज्ञान विभागात प्रोजेक्टवर होतो, कोड लिहायला. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० आहे, मला त्याहूनही कमी मिळायचे, ते एकवेळ चाललं असतं. पण तिसऱ्या वर्षी ग्रँट संपली आणि गाइड म्हणाले पुढचं प्रपोजल मंजूर होईपर्यंत थांब, ते किती महिने कोणालाच माहीत नाही. घरचा हप्ता थांबत नाही ना. आता ऐरोलीला एका कंपनीत आहे, काम बरं आहे, पण त्या विभागाच्या डेटात मला जे कळायला लागलं होतं ते सगळं माझ्याबरोबर निघून आलं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. लॅबवाले अजून रात्री फोन करतात की ही फाइल का चालत नाहीये, मी सांगतो, जमेल तेवढं सांगतो.

मिठीकाठची
मी विरोधातच आहे पण सरांपेक्षा वेगळ्या कारणाने. साडेआठची ती भानगड कुठल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला माहीत असते सांगा? तो आला असता तर त्यानेही ती ओळ चूक समजून उडवलीच असती, वर कोड छान स्वच्छ करून दिला असता. चूक पकडली ती मुंबईचा पाऊस जगलेल्या मुलाने. २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या, साथ किती पसरेल सांगणाऱ्या कोविड मॉडेलवर केवढा गदारोळ झाला, हजारो ओळींचा सी भाषेतला कोड, तेरा वर्षांपूर्वीचा, धड कागदपत्रं नाहीत, आणि शेवटी बाहेरच्या माणसाने तो चालवून पाहिला तर त्यांच्या रिपोर्टमधले आकडे जुळले. गबाळा कोड म्हणजे चुकीचं विज्ञान असं नसतं.

पावसाळी_पीएचडी
ताई, तिथे जुळले कारण कोड उघडा केला, आणि उघडा करण्याआधी साफ करायला सॉफ्टवेअरवाली माणसं बसली होती. आणि दुसरी बाजू बघा. २००६ मध्ये अमेरिकेत स्क्रिप्स या संशोधन संस्थेच्या एका प्रोटीनवाल्या लॅबला पाच पेपर मागे घ्यावे लागले, घरच्याच एका प्रोग्रॅममध्ये डेटाचे दोन कॉलम उलटसुलट झाले होते एवढ्यावरून. हुशार लोक होते, आपापला विषय जाणणारे.

पण तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे, बाहेरून सहा महिन्यांसाठी आलेल्याला साडेआठ कळणार नाही. म्हणून तर कायम म्हणतोय. चार पावसाळे आमच्या टेबलाशेजारी बसला की त्याला साडेआठ पण कळेल आणि उपग्रहाचा डेटा ग्रीनिच वेळेत येतो, आपले साडेआठ म्हणजे तिथले तीन, हे पण कळेल.

ऐरोली_लोकल
आणि सरांच्या कॉमेंटबद्दल. कॉमेंट कोणी वाचली तर उपयोग, घाईत असलेला विद्यार्थी वाचत नाही, मी पण नाही वाचायचो. आम्ही कंपनीत टेस्ट लिहितो. इथे टेस्ट म्हणजे एवढंच, कोडला विचारायचं सांताक्रूझचे ९४४ मिमी कुठल्या तारखेला पडले, उत्तर २६ जुलै २००५ आलं नाही तर कोड पुढे चालणारच नाही, मग कोणी काही उडवो. पाच मिनिटांचं काम आहे. पण ती लिहायची असते हे लॅबमध्ये कोणाला माहीत नसतं आणि लिहिली म्हणून कोणाची पीएचडी पुढे सरकत नाही.

खडू_फळा
टेस्टचं पटलं. हे मी उद्याच माझ्या मुलांना सांगणार आहे. पण बघ, तू पाच मिनिटांत मला समजावलंस, म्हणजे हे शिकवता येतं, मग कोर्सवर्कमध्ये घाला. पवईला आयआयटीचा फॉसी प्रोजेक्ट कॉलेजच्या पोरांना पायथन, सायलॅब अशी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं शिकवतोच आहे ना किती वर्षं.

काच_आणि_बर्नर
केमिस्ट्रीवाली बोलते. आमच्याकडे ग्लासब्लोअर काका होते, प्रयोगाची काचेची उपकरणं फुंकून बनवणारे, पर्मनंट. आम्हाला कोणी कधी म्हणालं नाही की कोर्स करा आणि आपापली व्हॅक्युम लाइन (हवा काढून घ्यायच्या काचेच्या नळ्या) फुंकून घ्या. जोड कुठे तडकणार हे ते नुसतं बघून सांगायचे कारण आमच्या आधीच्या सगळ्या बॅचचे तडकलेले जोड त्यांनी बघितलेले. काका रिटायर झाले, जागा भरली नाही, आता काच बाहेरून करून आणतो, दोन-दोनदा परत पाठवतो. सर, काच फुंकणं पण शिकवता येतंच की.

खडू_फळा
काकांचं म्हणालात तिथे मी अडलो, कबूल करतो, आमच्या वर्कशॉपमधला माणूस गेला तेव्हा मीच डीनकडे खेटे घातले होते. तरी एकच जागा मिळणार असेल तर मी शिक्षकच मागेन, त्यावर ठाम आहे. पण पावसाळी, एक विचारायचं राहिलं. त्या सिनिअरचा पेपर छापून आलाय ना? मग दुरुस्ती पाठवलीत का?

पावसाळी_पीएचडी
हो सर, आलाय छापून. गाइड लगेच तयार झाल्या, दुरुस्तीचं पत्र मीच लिहितोय, सिनिअर पण मदत करतोय, आता बँकेत आहे, रात्री जेवण झाल्यावर फोनवर बसतो माझ्यासोबत. अडलंय एवढ्यावर की पेपरमधले ग्राफ नेमक्या कुठल्या कोडवरून काढले ते पत्रात लिहायचंय, आणि त्याच्या पेनड्राइव्हवर फायनल, फायनल२ आणि फायनल_नवीन अशा तीन फाइली आहेत. त्यातल्या दोघींत ती ओळ नाहीये, एकीत अजून आहे, आणि ग्राफ कुठलीतून निघाला ते त्याला आठवत नाही. आज तिन्ही चालवून बघतोय.