झाकणं चिकटवायला काय घेऊ? बजेट १०००

सांताक्रूझकरीण: पावसात करंझाळेच्या किनाऱ्यावर वाहून आलेली बाटल्यांची झाकणं नि घरातल्या दुधाच्या पिशव्या जमवलेल्या आहेत. त्यांची मोठी इसवण (सुरमई मासा) करतेय भिंतीवर लावायला. इन्स्टंट गोंदाने लावली तर सकाळी अर्धी इसवण जमिनीवर. बायपोलर आहे, लिथियमच्या गोळ्या चालू, हात थरथरतात, म्हणून बारीक काम नको.

म्हापशेकर: सरळ हीट गन घ्या. मी ४५०० ची घेतली, दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याला वापरतो, दोन वर्षं स्पर्धेत नंबर आमचाच.

दोन_पोरांची_आई: अहो १००० म्हणाल्यात त्या! ग्लू गन घ्या, शुक्रवारच्या बाजारात मला २५० ला मिळाली. फक्त एप्रिलात तोरण गाडीत राहिलं तर गोंद ओघळून झाकणं सगळी सीटवर. पण गन चांगली आहे.

फोंड्याचो: नरकासुरात प्लास्टिक कशाला बाब? गवत भरतात.

म्हापशेकर: गवतच भरतो, मुकुटाचं बोलतोय मी.

केमिस्ट्रीवाला: झाकणाच्या आत २ किंवा ५ आकडा असेल, म्हणजे एचडीपीई नाहीतर पीपी प्लास्टिक. त्याला साधा गोंद धरतच नाही. वितळवून जोडा नाहीतर भोक पाडून बांधा. दुधाच्या पिशव्या धुऊन बेकिंग पेपरमध्ये ठेवून मध्यम इस्त्री फिरवा, पाच-सहा थर एकजीव होतात. ३ आकडा म्हणजे पीव्हीसी, ते तापवू नका, हायड्रोजन क्लोराईड सुटतो. खिडक्या उघड्या हव्यात.

दोन_पोरांची_आई: तेच म्हणत होते मी, खिडक्या उघडा.

शांतीपथिक: कलेत रमा, गोळ्या आपोआप सुटतात.

बांबोळी_वारी: काही सुटत नाहीत. मी सोडलेल्या, तीन महिन्यांत भावाने उचलून ॲडमिट केलं. आणि ताई, उकाड्यात बंद खोलीत इस्त्री घेऊन बसू नका, घामाने अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. थरथर एकदम वाढली तर डॉक्टरांना फोन करून लेव्हल बघून घ्या.

सांताक्रूझकरीण: लेव्हल मागच्याच आठवड्यात केली, ठीक आहे. विकत काहीच घेतलं नाही, इस्त्री आई देत नाही. शेजारच्या खारव्याकडून तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) आणली, दाभण तापवून भोकं पाडते नि ओवते. भोकं वाकडी पडतात, त्यामुळे खवले पण वाकडे, हलवली की खुळखुळते. शेपटीला निळी कमी पडतायत, कुणाकडे आहेत?

म्हापशेकर: आहेत, पण मुकुटासाठी ठेवलीत.