काष्ठमुद्रा, ठसा की छाप?

वाचनालयात चित्रांच्या प्रिंट्स लावतोय, त्यात जपानी चित्रकार कावासे हासुईचं लाकडी फळ्यांवरून छापलेलं १९२५ चं 'झोजोजी' हे चित्र आहे, तोक्योतलं ते लालभडक दार, बर्फ कोसळतोय आणि छत्री तिरकी धरून चाललेली बाई. खाली मराठीत काय लिहू? काष्ठमुद्रा लिहिलं तर एकजण म्हणाला लाकडी शिक्का का?

– सरळ लाकडी ठप्प्याचं चित्र लिहा की.

– ठप्पा नको हो! ठप्पा मारतात, म्हणजे ठोकळा वरून कापडावर दाबायचा, आपल्याकडे चादरींवर करतात तसं. जपानी पद्धतीत उलटं असतं, कोरलेली फळी खाली, तिला रंग लावायचा मग वर ओला कागद पसरायचा आणि बारेन नावाच्या चपट्या गोल साधनाने पाठीवरून घासायचं, दर रंगाला बहुतेक वेगळी फळी. मारामारी कुठेच नाही.

– मग ठसा घ्या. शिलालेखाचा ठसा 'घेतात' ना, कागद वर ठेवूनच. क्रियापद बदललं की काम झालं.

– तिथे शाई कागदाच्या बाहेरच्या बाजूने लावतात पण. आणि ठसा म्हणजे कोरलेलं लाकूडही आणि कागदावर उमटलेलंही, घोळ होणारच. लाकडाला फळी म्हणा, उमटतो तो ठसा.

> तोक्योतलं ते लालभडक दार

मंदिराचं दार लिहिणार असाल तर थांबा, झोजोजी बौद्ध आहे. देऊळ शब्दच देवकुलावरून आलाय आणि तिथे तर अमिदा बुद्ध, त्यापेक्षा विहार बरा, भिक्षू राहायची जागा हा मूळ अर्थही बसतो. देऊळ शब्द तोरीवाल्या, म्हणजे कमानीसारखं प्रवेशद्वार असलेल्या, शिंतो (जपानचा स्वतःचा धर्म) ठिकाणांना ठेवा. आणि या दाराचं नावच सांगेदात्सुमोन, सान म्हणजे तीन, गेदात्सु म्हणजे आपला विमोक्ष, मोन म्हणजे दार. लोभ, द्वेष, मोह तिन्हीतून सुटका. मला हे कळलं तेव्हा चित्र परत काढून बघितलं.

– भारी! मग असं लिहितो: 'झोजोजी विहार, शिबा, तोक्यो. लाकडी फळ्यांवरून घेतलेला ठसा, १९२५. चित्रकार कावासे हासुई, प्रकाशक वातानाबे शोझाबुरो.'

– छान, पण हासुईने नुसतं चित्र काढलं, फळ्या कोरणारा वेगळा आणि रंग लावून घासणारा वेगळा. ते दोघं कुठेयत यात?