आपला भुईआवळा ‘निरुरी’ आहे का?

प्रश्न : पावसाळ्यात सोयाबीनच्या तासात भुईआवळा दाटतो. कुठं त्याचं शास्त्रीय नाव फायलॅन्थस निरुरी दिलंय, कुठं फायलॅन्थस अमारस. झाड एकच की दोन? आमच्या परभणीकडं सगळ्यालाच भुईआवळा म्हणतात.

उत्तर : ताई, भुईआवळा या एका नावाखाली तीन-चार जाती येतात, आणि खरी निरुरी त्यात नाहीच. निरुरी हे स्वीडनच्या लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञानं १७५३ साली दिलेलं नाव. ते ज्या वाळवून ठेवलेल्या नमुन्याला कायमचं जोडलेलं आहे, त्याला टाईप नमुना म्हणतात. वर्णनात घोळ झाला, कुणी चुकीचं चित्र छापलं, तरी नाव नमुन्याकडंच राहतं. तो नमुना ज्या जातीचा, ती अमेरिकेच्या उष्ण भागातली आहे. आपल्याकडची झाडं दिसायला तशीच, म्हणून तेच नाव वर्षानुवर्षं चिकटलं.

आपल्या शेतातलं झाड बहुतेक अमारस (नाव देणारे शूमाकर आणि थॉनिंग, १८२७) किंवा फ्रॅटर्नस (नाव देणारा वेबस्टर, १९५५) असतं. फांदी उलटी धरा, पानांच्या खाली बारीक फुलं लोंबतात. भिंगातून पाकळ्यांसारखे दलाभ मोजा: पाच असले तर अमारस, सहा असले तर फ्रॅटर्नस. एकाच फुलावर भरवसा ठेवू नका, चार-सहा फुलं बघा. फळ हाताला खरखरीत लागलं तर ती तिसरीच जात, युरिनॅरिया.

प्रश्न : दादा, मग हे एरंड कुलातलं की नाही?

उत्तर : जुन्या ग्रंथांत आहे. डीएनएचा अभ्यास झाल्यावर आवळा आणि त्याचे भाईबंद वेगळ्या कुलात गेले. मला तर हा बदल झाडाकडं बघूनच पटतो. एरंड कुलातली नायटी किंवा शेर मोडला की पांढरं दूध येतं, भुईआवळ्याला येत नाही. (दूध हीच एकमेव खूण धरू नका, एरंडालाही पांढरं दूध नसतं.) फळ फोडून बघितलं तर फरक पक्का कळतो. एरंडीच्या तीन कप्प्यांत एकेक बी, भुईआवळ्याच्या तीन कप्प्यांत दोन-दोन.

काविळीच्या औषधावर लेख लिहिणाऱ्यांना तर कळकळीनं सांगणं आहे : नमुना तपासल्याशिवाय निरुरी लिहू नका. कोणत्या झाडावर प्रयोग झाला तेच वाचणाऱ्याला कळत नाही. जात ठरली नसेल तर फायलॅन्थस एवढंच लिहा आणि फुलाफळासकट एक फांदी कागदात दाबून जपून ठेवा.