लेन्स नंतर, आधी मॉनिटर: कॅलिब्रेशनचा सेन्सर कोणता घ्यावा, आणि घ्यावाच का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

परवा एका भावाने इथे विचारलं होतं: लॅबमधून अल्बम काळपट आला, नवरीची राणी कलरची साडी लालसर झाली, लॅब बदलू का? खाली सगळ्यांनी नाशिक-पुण्याच्या लॅब सुचवल्या. तू फोटो कोणत्या मॉनिटरवर केलेस, तो कधी मोजलाय का, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं घर फोटोवर चालतं त्याने पुढची लेन्स घेण्याआधी मॉनिटर मोजायचा सेन्सर घ्यावा, म्हणजे स्क्रीनवर लावून तिचा उजेड आणि रंग मोजणारं छोटं यंत्र. त्या मोजमापावरून सॉफ्टवेअर स्क्रीनचे रंग दुरुस्त करतं, हेच कॅलिब्रेशन. नवा मॉनिटर डब्यातून निघतो तेव्हा त्याची ब्राइटनेस बहुतेक वेळा 250-300 निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) घरात असते. प्रिंटसाठी काम करताना 80 ते 120 पुरते. एवढ्या उजेडात फोटो जास्तच उजळ दिसतो, म्हणून आपण एक्स्पोजर खाली ओढतो आणि प्रिंट काळी येते. हे निदान लक्षात तरी येतं. पांढऱ्याचं तसं नाही. निळसर स्क्रीनसमोर थोडा वेळ बसलं की डोळ्याला तोच पांढरा वाटायला लागतो, आणि तो निळा आहे हे आपलं आपल्याला कधीच कळत नाही. डोळा सवय लावून घेतो, सेन्सर घेत नाही. पैसे द्यायचे ते यासाठी.

कोणता घ्यावा? मी कॅलिब्राइटच्या डिस्प्ले प्रो मालिकेच्या बाजूचा. हाच पूर्वी एक्स-राइटचा आयवन डिस्प्ले प्रो होता, 2021 मध्ये फोटोग्राफीची ही उपकरणं कॅलिब्राइटकडे गेली. यातल्या प्रत्येक नगाच्या फिल्टरला कोणता प्रकाश किती दिसतो ते कारखान्यात मोजून त्याच्या आत साठवलेलं असतं. त्यामुळे उद्या नव्या बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) मॉनिटर आला तरी त्याचं स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती याची नोंद, सॉफ्टवेअरला दिलं की तोच सेन्सर बरोबर मोजतो. दुसरं म्हणजे तो आर्गिलसीएमएस आणि डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो. कंपनीने उद्या आपलं सॉफ्टवेअर बंद केलं तरी तुमचं यंत्र कपाटात पडून राहणार नाही.

डेटाकलरचा स्पायडर वाईट नाही, स्पायडर एक्सपासून तो वेगवानही झाला आहे. पण त्याचे प्रो आणि एलिट हे प्रकार बघा. स्पायडर एक्समध्ये दोन्हींचं यंत्र एकच आहे, जादा पैसे सॉफ्टवेअरमधल्या सोयींचे. जे घ्याल ते हे समजून घ्या. आणि कृपा करून जुना, वापरलेला कलरीमीटर (फिल्टरमधून मोजणारा असाच सेन्सर) स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. जुन्या पिढीतल्या यंत्रांचे फिल्टर वयानुसार उतरतात. चुकीचं मोजणारं यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण त्यावर आपला विश्वास बसतो.

स्टुडिओ_देवपूर (धुळे)

भाऊ, तुमचं वाचन दांडगं आहे, पण लग्नाच्या धंद्याला हे लागू होत नाही असं माझं ठाम मत आहे.

आमची फाइल एसआरजीबी (स्क्रीन आणि लॅबसाठी सर्रास वापरली जाणारी रंगांची ठरलेली व्याप्ती) जेपेगमध्ये लॅबला जाते. तिथला ऑपरेटर त्याच्या अंदाजाने डेन्सिटी (गडद-फिकटपणा) आणि कलर बघूनच शीट सोडतो. म्हणजे मी घरी कितीही काटेकोर केलं तरी शेवटचा हात त्याचाच. पार्टी फोटो बघते व्हॉट्सअॅपवर, व्हिव्हिड मोड लावलेल्या मोबाइलवर. नवरदेवाचे काका, मामा, आत्या, सगळ्यांचे मोबाइल वेगळे. यात तुमचा सेन्सर कुठे बसतो?

मी काय करतो ते सांगतो. लॅबकडून माझ्याच फोटोची एक टेस्ट प्रिंट मागवली, एनटी (न फाटणाऱ्या) पेपरवर. ती मॉनिटरशेजारी चांगल्या उजेडात लावली आणि प्रिंट आणि स्क्रीन सारखी दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणली. तेव्हापासून काळपट अल्बमची तक्रार नाही. खर्च एका शीटचा. सेन्सरला दहा हजारांच्या वर घालायचे, तर लग्नसराईच्या तोंडावर मी दुसरा फ्लॅश आणि बॅटऱ्या घेईन. मंडपात ऐन अक्षतांच्या वेळी फ्लॅश बसला तर कॅलिब्रेट केलेला मॉनिटर माझी अब्रू वाचवणार नाही.

आणि एक. आपल्या चाळीसगावच्याच केकी मूस यांचं काम बघा. टेबलटॉप फोटोग्राफीत देशभर नाव झालेला माणूस, कुठला सेन्सर होता त्यांच्याकडे? नजर तयार करा, पोरांना आधी तेच शिकवा.

सराफगल्ली (जळगाव)

दादा, मूस साहेबांचा दाखला इथे लागत नाही. त्या काळी डार्करूममध्ये फोटोग्राफर थेट कागदावरची प्रिंट बघून ठरवायचा. मध्ये पडदाच नव्हता. आपण पडद्यावर ठरवतो आणि कागद दुसऱ्या गावी निघतो. नजर कितीही तयार असली तरी ती पडद्याच्या पलीकडचं बघू शकत नाही.

मी दागिन्यांचे कॅटलॉग करते. 22 कॅरेटमध्ये तांबं जास्त असलं तर सोन्याला लालसर झाक येते, चांदी जास्त असली तर पिवळ्यात हिरवट झाक येते. सराफाला हा फरक काउंटरपलीकडून दिसतो. मॉनिटर जरासा मॅजेंटाकडे कललेला असेल तर मी नकळत हिरवं वाढवते, आणि छापून आल्यावर हार पितळी दिसतो. गिऱ्हाईक दुकानात हार हातात घेऊन कॅटलॉगशी ताडून बघतं, तिथे "तुमच्या मोबाइलवर वेगळं दिसत असेल" हे कारण चालत नाही.

तुमच्या टेस्ट प्रिंटने ब्राइटनेस जमते, हे मला मान्य आहे. ही युक्ती ज्याच्याकडे सेन्सर नाही त्याने आजच करावी. पण गडद भागात एक झाक आणि उजळ भागात दुसरी, असा मॉनिटर असेल तर तीन बटणं फिरवून ती निघत नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायरी पायरीने मोजावंच लागतं.

आणि लॅबचा ऑपरेटर करेक्शन करतो तो सरासरीचा. हळदीच्या फोटोत सगळीकडे पिवळंच पिवळं असतं. त्याने किंवा त्याच्या मशीनने ते "जास्त" समजून निळं ओढलं की नवरीचा चेहरा राखाडी होतो. ज्याची फाइल भरवशाची आहे त्याने लॅबला करेक्शन करू नका म्हणून सांगावं. मी तेच करते.

केळीपट्टा (रावेर)

नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, आयपीएस (बाजूनेही रंग सारखा दाखवणारी स्क्रीन) नाही. केळी निर्यात करणाऱ्यांसाठी घडांचे आणि बॉक्सचे फोटो काढतो. मान जरा खाली-वर केली की केळीचा रंग बदलतो. यावर सेन्सर लावून फायदा होईल का?

तापीकाठ (भुसावळ)

नाही. आणि मूळ लेखाशी माझा मतभेद इथेच आहे. गिरणाकाठ भाऊंनी लेन्सच्या आधी सेन्सर म्हटलं, मी म्हणतो सेन्सरच्या आधी पॅनल, म्हणजे स्क्रीन.

रावेरच्या भावाचा लॅपटॉप टीएन (स्वस्त, जुन्या पद्धतीच्या) पॅनलचा दिसतो. नजरेचा कोन बदलला की रंग आणि गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) दोन्ही बदलतात. सेन्सर स्क्रीनच्या मधोमध चिकटून समोरून मोजणार, तुम्ही मात्र वरची कडा एका कोनातून आणि खालची दुसऱ्या कोनातून बघणार. मग कोणता आकडा खरा धरायचा? शिवाय स्वस्त लॅपटॉपवर "45 टक्के एनटीएससी" (एनटीएससी म्हणजे रंगांच्या व्याप्तीचं जुनं टीव्ही मानक) लिहिलेलं असतं. ते पॅनल एसआरजीबीतले ढोबळमानाने 60 ते 65 टक्केच रंग दाखवतं. बाकीचे रंग त्यात नाहीतच, आणि जे नाहीत ते कोणताही सेन्सर आणून देत नाही. पहिल्या भावाच्या राणी कलरचंही तेच झालं असणार. स्क्रीनवर फिका दिसला, त्याने सॅच्युरेशन वाढवलं, आणि प्रिंटमध्ये पदराच्या चुण्या एकमेकांत मिसळून नुसता रंगाचा ठप्पा उरला.

आधी पूर्ण एसआरजीबी दाखवणारा 24 इंची आयपीएस मॉनिटर घ्या. सेन्सर पुढच्या सीझनला.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

टीएन पॅनलपुरतं तुमनं म्हननं खरं शे. तिथे पैसे मॉनिटरवरच घाला. पण चांगला आयपीएस म्हणजे बरोबर आयपीएस असं धरून चालू नका. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर शेजारी ठेवले की एक पिवळट आणि एक निळसर निघतो, हे कुणीही दुकानात जाऊन बघावं. "फॅक्टरी कॅलिब्रेटेड" कागद मिळतो तो कारखान्यातल्या त्या दिवसाचा. बॅकलाइट पुढे वापराबरोबर उतरत जातो.

रावेरच्या भाऊ, केळीच्या फोटोला रंगाची शिस्त लागतेच. घड किती कच्चा, किती पिकला हे पलीकडचा व्यापारी सालीच्या रंगावरूनच ठरवतो. आमच्याकडे भरिताच्या वांग्यांचे फोटो काढताना हेच जाणवतं. फिकट हिरवं अंग, त्यावर पांढरट रेघा. मॉनिटर जरा निळा असला की आपण ऊब वाढवतो, आणि छापल्यावर वांगं पिवळं, म्हणजे जून दिसतं. 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालेला आपला माल फोटोत शिळा दिसावा, हे मला सहन होत नाही.

सातपुडा_पानगळ (शहादा)

तुम्ही सगळे कलरीमीटरवरच बोलताय. मी पक्ष्यांचे फोटो काढतो आणि घरच्या इंकजेटवर स्वतः छापतो. माझ्या मते कलरीमीटर हे अर्धं काम. तो फक्त स्क्रीन मोजतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाश तरंगलांबीनुसार फोडून मोजतो, म्हणून त्याला पॅनलच्या प्रकाराची दुरुस्ती लागत नाही, आणि तोच कागदावरचे रंगही मोजतो.

आमच्याकडचा रानपिंगळा, जो 1997 मध्ये शहाद्याजवळच पुन्हा सापडला, त्याचा रंग म्हणजे राखाडी-तपकिरी. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि साध्या पिंगळ्यापेक्षा रंग सपाट. साध्या पिंगळ्यापासून तो वेगळा ओळखायचा तर या गोष्टी बघाव्या लागतात. कागदाने त्या तपकिरीत लाल मिसळला तर फोटो ओळख पटवण्याच्या कामाचा राहत नाही. प्रत्येक कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात याची मोजलेली फाइल) स्वतः केल्याशिवाय मला समाधान नाही. पैसे घालायचेच तर एकदाच घाला.

तापीकाठ (भुसावळ)

तुम्ही स्वतः छापता म्हणून तुमचं गणित वेगळं आहे, इथले बहुतेक लॅबला पाठवतात. शिवाय फोटोग्राफरला परवडणारे स्पेक्ट्रो अगदी गडद भाग मोजताना अडखळतात. काळ्याजवळ प्रकाश इतका कमी असतो की वाचनात गोंधळ वाढतो. स्क्रीनच्या काळ्यासाठी चांगला कलरीमीटरच सरस. प्रिंटर नसेल तर स्पेक्ट्रोचे जादा पैसे वाया.

स्टुडिओ_देवपूर (धुळे)

सराफगल्ली ताईंचं लॅबच्या करेक्शनबद्दलचं पटलं. हळदीचे फोटो माझेही राखाडी आलेत आणि मी दोष कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सला देत होतो. पण यातून "प्रत्येकाने घ्यावा" हे सिद्ध होत नाही. माझा स्टुडिओ रस्त्यावर आहे, शटर दिवसभर उघडं. सकाळी समोरून ऊन येतं, संध्याकाळी समोरच्या दुकानाचा हिरवा बोर्ड पेटतो. आतली भिंत पोपटी, ती घरमालकाची. या खोलीत 6500 केल्विन (पांढऱ्याचं ठरलेलं माप) आणि गॅमा 2.2 साधून करायचं काय?

सराफगल्ली (जळगाव)

दादा, हा प्रश्न सगळ्यात चांगला विचारलात. खोली आधी नीट करा, त्याला सेन्सरइतके पैसे लागत नाहीत. मॉनिटरची पाठ रस्त्याकडे करू नका, आणि तोंडही नको. तो आडवा लावा, म्हणजे ऊन स्क्रीनवरही येणार नाही आणि डोळ्यांवरही. डोळ्यांसमोर येणाऱ्या पोपटी भिंतीवर राखाडी कापड टांगा. फायनल कलर शटर ओढल्यावर, एकाच ट्यूबच्या उजेडात करा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरीवर गेला की बरेच लॅपटॉप आपोआप मंद होतात. नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद. एवढं न करता नुसता सेन्सर घेतलात तर तुमचं म्हणणं खरं ठरेल, पैसे वाया गेले.

केळीपट्टा (रावेर)

मॉनिटर घ्यायचं ठरवतो. पण सेन्सर रोज लागत नाही ना? मग आम्ही तालुक्यातले चार-पाच जण मिळून एक घेतला तर?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

जरूर घ्या. कंपन्या महिन्याने मोजा म्हणतात, पण आताचे एलईडी बॅकलाइट हळू सरकतात. दोन-तीन महिन्यांनी मोजलंत तरी लग्नसराईच्या कामाला पुरेल. फक्त घेण्याआधी परवाना वाचा. काही सॉफ्टवेअर सिरियल नंबरवर चालतं आणि ते वेगवेगळ्या मालकांच्या कॉम्प्युटरवर टाकायला परवानगी असेलच असं नाही. आर्गिल आणि डिस्प्लेकॅलला ही अडचण नाही. डिस्प्लेकॅलचं मूळ सॉफ्टवेअर 2019 नंतर पुढे सरकलेलं नाही, त्याची पायथन 3 वरची आवृत्ती इतर लोक चालवतात, ती घ्या. आणि एका कॉम्प्युटरवर दोन कंपन्यांची कॅलिब्रेशन सॉफ्टवेअर ठेवू नका. दोन्ही सुरुवातीलाच आपापली दुरुस्ती लादतात आणि शेवटी कोणती लागली ते कळत नाही. एक सेन्सर ज्यांच्यात फिरणार त्या सगळ्यांनी लक्ष्य एकच ठेवा: 6500 केल्विन, गॅमा 2.2, 100 किंवा 110 निट्स.

स्टुडिओ_देवपूर (धुळे)

मला अजूनही आधी पुरावा बघायचा आहे. मी म्हणतो, एकच रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची) फाइल घेऊ, हळदीचीच. मी माझ्या टेस्ट प्रिंटच्या पद्धतीने करतो, सराफगल्ली ताईंनी त्यांच्या मोजलेल्या मॉनिटरवर करावी. दोन्ही एकाच लॅबला, एकाच शीटवर, करेक्शन नको म्हणून सांगून. जो फरक दिसेल तो इथे टाकू.

सराफगल्ली (जळगाव)

चालेल. फाइल पाठवा, फक्त त्यात राखाडी कार्ड धरलेला एक फोटो असू द्या, म्हणजे व्हाइट बॅलन्सवरून वाद राहणार नाही. मॉनिटर निदान अर्धा तास आधी चालू करा, गरम झाल्याशिवाय त्याचा रंग स्थिर होत नाही. आणि प्रिंट आल्यावर ट्यूबखाली बघू नका. दिवसाच्या उजेडात, सावलीत, दोन्ही शेजारी ठेवून बघू.